चौकात खडू घेऊन उभं राहायला कोणाची परवानगी घ्यायची?

प्रति,
चौक, मैदानं, बागा आणि रस्ते यांच्या वापराचे नियम ठरवणारे आणि परवानगीच्या कागदावर सही करणारे सर्व अधिकारी

विषय : निदर्शनांचे नियम प्रत्यक्ष जागेवर जाऊन शिकण्याच्या कार्यशाळेला नाकारलेली परवानगी

महोदय, महोदया,

गेली ११ वर्षं मी सोळा ते बावीस वयाच्या मुलामुलींबरोबर एक कार्यशाळा घेते. आम्ही तिला नुसतं ‘चौकाचा तास’ म्हणतो. खडू, मोजपट्टी, दोरीचं एक बंडल आणि त्या जागेला लागू असलेल्या नियमांची छापील प्रत, एवढं सामान घेऊन आम्ही एखाद्या चौकात किंवा मैदानात जातो आणि कागदावरचा एकेक नियम जमिनीवर उतरवून बघतो. घोषणा नसतात, फलक नसतात. माणसांना एकत्र जमायचं असेल, बोलायचं असेल, निषेध नोंदवायचा असेल, तर त्याचे नियम काय आहेत, ते कशासाठी केले आणि प्रत्यक्षात कसे चालतात, हे मुलांनी स्वतःच्या पायांनी शिकावं, एवढाच हेतू.

या वर्षी आपल्यापैकी एका कार्यालयाने या कार्यशाळेला परवानगी नाकारली. कार्यालयाचं नाव मी लिहीत नाही. मला एका टेबलावरच्या माणसाशी भांडायचं नाही, आणि जे आमच्या वाट्याला आलं ते कोणत्याही कार्यालयात कुणाच्याही वाट्याला येऊ शकतं. नकारपत्रात एकच वाक्य आहे, ‘कार्यक्रमाचे स्वरूप स्पष्ट होत नसल्याने परवानगी देता येत नाही.’ अर्जासोबत मी चार पानांचं टिपण जोडलं होतं. कोणत्या तासाला काय करणार, कुठे उभे राहणार, किती जण असू, खडूच्या खुणा किती वाजता धुऊन काढू, सगळं त्यात होतं. ते कुणी वाचलं का, हे मला आजही माहीत नाही.

नकार आल्यावर आम्ही नऊ जण, मला धरून, ज्या मैदानासाठी अर्ज केला होता त्याच्या फाटकाशी जमलो. आत नियमांचा फलक आहे, तो वाचायचा आणि घरी जायचं, इतकंच ठरलं होतं. फलकावरची निम्मी अक्षरं उन्हाने उडाली आहेत. दोन मुली पुसट ओळी वहीत उतरवून घेत होत्या. दहा-बारा मिनिटांत वर्दीतला एक माणूस आला आणि म्हणाला, इथे असा घोळका करता येणार नाही, निघा. तो उद्धटपणे बोलला नाही. पण जाण्याआधी त्याने आमच्या प्रत्येकाचं नाव लिहून घेतलं. परतताना सतरा वर्षांच्या एका मुलीने मला विचारलं, “ही यादी किती वर्षं ठेवतात?” मला सांगता आलं नाही. पुढच्या आठवड्यात ती आली नाही. आईचा निरोप आला की परीक्षा जवळ आली आहे. परीक्षेला चार महिने होते.

त्या मुलीसाठी मी हे पत्र लिहिते आहे, आणि सगळ्यांना वाचता यावं म्हणून उघड लिहिते आहे.

माझं या विषयाशी नातं कसं जडलं ते आधी सांगते. एकोणीस वर्षांची असताना मी पहिल्यांदा एका सभेला गेले. गर्दी मोठी होती, पण शांत होती. संध्याकाळी ध्वनिक्षेपकावरून सूचना आली, पंधरा मिनिटांत मैदान रिकामं करा. लोक लगेच निघाले. बाहेर पडायला तीन रस्ते होते, त्यातले दोन अडथळे लावून बंद केलेले. तिसऱ्याच्या तोंडाशी माणसं साचत गेली. माझ्या पुढे एक बाई होती, कडेवर मूल. ती सारखी मागे वळून ‘ढकलू नका हो’ म्हणत होती. ढकलत कुणीच नव्हतं. मागच्या शेकडो माणसांचा भार आपोआप पुढे येत होता. त्या दिवशी कुणाला इजा झाली नाही. पण पांगा म्हणणाऱ्याने आधी वाट मोकळी ठेवायची असते, हे आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. बंद रस्त्यावर उभ्या असलेल्या शिपायालाही कुणी सांगितलं नसावं. त्याच्या चेहऱ्यावर आमच्याइतकीच भीती होती, ते मला अजून आठवतं.

म्हणून आमचा पहिला तास नेहमी वाटा मोजण्याचा असतो. मुलं जागेच्या कडेकडेने चालतात, प्रत्येक फाटकाची रुंदी मोजतात, पायऱ्या, खांब, बंद कुलपं नोंदवतात. मग एका फाटकातून मिनिटाला किती जण न धक्का लागता जातात, ते स्वतः ये-जा करून मोजतात. त्यानंतर मी त्यांना लंडनच्या ऑक्सफर्ड सर्कसची हकीकत सांगते. १ मे २००१ रोजी तिथे पोलिसांनी सुमारे ३,००० लोकांभोवती कडं केलं आणि अनेकांना जवळजवळ सात तास बाहेर पडू दिलं नाही. त्यात निदर्शनाशी काडीचा संबंध नसलेले वाटसरूही होते. प्रकरण युरोपच्या मानवाधिकार न्यायालयात गेलं आणि २०१२ साली न्यायालयाने पोलिसांच्या बाजूने निकाल दिला. हा निकाल मी मुद्दाम सांगते. मुलांनी फक्त स्वतःला आवडणारे निकाल शिकू नयेत. मग आम्ही खडूने एक मोठं वर्तुळ आखतो, सगळे त्यात उभे राहतात आणि प्रत्येकाने सांगायचं की सात तासांत त्याला काय लागेल. पाणी, शौचालय, दम्याचं औषध, घरी एक फोन. हा तास केलेलं मूल उद्या आयोजक झालं तरी गर्दीची काळजी घेईल, आणि वर्दीत गेलं तरी घेईल.

जमिनीवर रेष मारून नियम समजून घ्यायचा, ही कल्पना माझी नाही. २००५ साली ब्रिटनमध्ये एक कायदा झाला. संसदेभोवती सुमारे १ किलोमीटरच्या टापूत पोलिसांच्या परवानगीशिवाय निदर्शन करणं त्याने गुन्हा ठरवलं, निदर्शक एकटा असला तरी. संसदेसमोरच्या चौकात ब्रायन हॉ नावाचा माणूस २००१ पासून युद्धविरोधी फलक लावून मुक्काम करून होता. मे २००६ मध्ये पोलिसांनी त्याचे बहुतेक फलक उचलून नेले. पुढच्या जानेवारीत मार्क वॉलिंजर या कलावंताने ते सगळे फलक आणि झेंडे हुबेहूब पुन्हा बनवले, टेट ब्रिटन या कलादालनात मांडले आणि दालनाच्या जमिनीवर एक पट्टी चिकटवली. बंदीच्या वर्तुळाची हद्द आपल्या हिशेबाने इथून जाते, असं त्याचं म्हणणं होतं. मांडणीचा काही भाग पट्टीच्या आत, काही बाहेर. बघायला आलेल्या माणसाला एक पाऊल इकडचं तिकडे टाकताना कळत होतं की कायद्याची रेष नेमकी कशी असते. पुढे २०११ च्या कायद्याने ती कलमं काढून टाकली आणि त्या चौकापुरते तंबू आणि ध्वनिक्षेपक यांवरचे निर्बंध ठेवले. आमच्या मुलांनी खडूने मारलेल्या रेषेचं मूळ त्या पट्टीत आहे.

दुसरा तास माझा सगळ्यात आवडता, आणि सगळ्यात अवघड. ३० एप्रिल १९७७ रोजी ब्युनोस आयर्समधल्या प्लाझा दे मायो या चौकात चौदा बायका जमल्या. लष्करी राजवटीने त्यांची तरुण मुलं पळवून नेली होती आणि ती कुठे आहेत ते त्यांना विचारायचं होतं. पोलिसांनी सांगितलं, इथे घोळक्याने उभं राहायला बंदी आहे, चालत राहा. त्या चालू लागल्या. दोघी-दोघी, एकमेकींच्या हातात हात घालून, चौकातल्या स्मारकाभोवती. पुढे दर गुरुवारी दुपारी ही फेरी होऊ लागली आणि अनेक दशकं होत राहिली. त्या आयांना मिळालेला हुकूम त्यांनी शब्दशः पाळला होता. मी मुलांना हेच करायला सांगते. आधी दहा मिनिटं घोळक्याने उभे राहा, मग वीस मिनिटं जोडीजोडीने चाला. येणारे-जाणारे लोक कसे बघतात, केव्हा थांबतात, केव्हा रस्ता बदलतात, ते लिहून काढा. माणसं तीच असतात, संख्या तीच असते, पण उभ्या माणसांची लोकांना वाटणारी धास्ती चालत्या माणसांना लागू होत नाही, हे त्यांच्या वहीत आपोआप उतरतं. त्या चौकातल्या पहिल्या आयांपैकी तिघींना त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये पळवून नेऊन मारण्यात आलं, हेही मी सांगते. ही गोष्ट गंमत म्हणून सांगण्यासारखी नाही.

बाकीचे धडे छोटे आहेत. रशियात एकट्या माणसाने फलक घेऊन उभं राहायचं असेल तर २००४ च्या कायद्याने आगाऊ सूचना द्यावी लागत नाही. पुढे अशा दोन एकट्यांमधल्या अंतराची अट आली. ते किती असावं ते प्रांताने ठरवायचं, ५० मीटरपर्यंत. मुलं मोजपट्टीने ५० मीटर मोजतात, दोन टोकांना उभी राहतात आणि एकमेकांच्या हातातला कागद वाचायचा प्रयत्न करतात. मग मी सांगते की तिथे एकट्यांनाही वारंवार पकडून नेलं गेलं. इस्तंबूलच्या तक्सिम चौकात १७ जून २०१३ रोजी एर्देम ग्युंद्युझ हा नर्तक खिशात हात घालून काही न बोलता तासन्‌तास उभा राहिला आणि हळूहळू इतर लोक त्याच्याशेजारी येऊन तसेच उभे राहिले. नुसतं उभं राहणं कोणत्या क्षणी निदर्शन होतं? या प्रश्नावर आमची मुलं एकदा अंधार पडेपर्यंत भांडली होती.

स्पेनमध्ये २०१५ साली संसदेसमोरच्या निदर्शनांवर ३०,००० युरोपर्यंत दंडाची तरतूद करणारा कायदा येऊ घातला, तेव्हा लोकांनी माद्रिदमध्ये संसदेसमोर प्रकाशाने घडवलेल्या माणसांचा मोर्चा काढला. ज्यांनी त्यासाठी स्वतःची छबी आणि आवाज पाठवला, ते त्या रस्त्यावर नव्हतेच. त्याच वर्षी पॅरिसमध्ये १३ नोव्हेंबरच्या हल्ल्यांनंतर मोर्चांवर बंदी आली, तर हवामानबदलासाठी चालू इच्छिणाऱ्यांनी २९ नोव्हेंबरला चौकात हजारो जोडे मांडून ठेवले. २०१२ साली सैबेरियातल्या बर्नाऊल शहरात निवडणुकीतल्या गैरप्रकारांविरुद्ध लोकांनी बर्फात चिमुकली खेळणी उभी केली, हातात चिमुकले फलक देऊन. पुन्हा परवानगी मागितली तेव्हा नकार आला. खेळणी ही देशाची नागरिक नाहीत, म्हणून त्यांना सभा घेता येत नाही, असं कारण दिलं गेलं. २०२२ च्या नोव्हेंबरात चीनच्या शहरांत लोक कोरा कागद धरून उभे राहिले. कोऱ्या कागदावर बंदी घालायची तर कोणत्या शब्दांत घालायची, हे मुलांना लिहून बघायला सांगा. चार-पाच मसुदे फाडल्यावर त्यांना कळतं की नियम लिहिणं किती जोखमीचं काम आहे. आपल्या कामाबद्दलचा आदर त्यांच्या मनात कुठून येतो असं विचाराल तर या तासातून येतो.

या सगळ्याला आपण पळवाटा म्हणाल. मला तसं वाटत नाही. या लोकांनी नियम नीट वाचले होते, कित्येकदा ते करणाऱ्यांपेक्षा बारकाईने. आणि मराठी वाचकाला तर हे लांबून आणून सांगायची गरजच नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर केला. महाडच्या नगरपालिकेनेही आपल्या हद्दीतलं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर हक्क होता. पाण्यापर्यंत मात्र कुणी जाऊ शकत नव्हतं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक परिषदेच्या जागेवरून शांतपणे तळ्यापर्यंत चालत गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. मंजूर झालेला नियम जमिनीवर खरा आहे का, हे त्यांनी चालत जाऊन पाहिलं. त्याची किंमत त्यांना त्याच दिवशी मारहाणीत मोजावी लागली. ‘चौकाचा तास’ त्यापुढे फार लहान गोष्ट आहे, पण ती त्याच वाटेवरची आहे असं मी मानते.

आता तक्रारी.

आम्हाला अर्ज कुठे करायचा हेच कुणी धड सांगितलं नाही. बाग एका खात्याची, पदपथ दुसऱ्याचा, रस्ता तिसऱ्याचा, गर्दी चौथ्याची. प्रत्येक खिडकीवर आधी दुसऱ्या खिडकीचं ना-हरकत पत्र आणायला सांगितलं गेलं. मी नोकरीतून सुट्टी काढू शकते. रोजंदारीवर काम करणारा माणूस आपलं गाऱ्हाणं घेऊन आला तर तो दुसऱ्या खिडकीवरूनच परत जाईल, आणि आपल्या दप्तरी नोंद राहील की कुणी अर्जच केला नाही.

नकार आला तो ठरलेल्या दिवसाच्या दोन दिवस आधी. दाद कुणाकडे मागायची ते त्यात लिहिलेलं नव्हतं, आणि असतं तरी वेळ उरला नव्हता. शेवटच्या क्षणी दिलेला नकार म्हणजे अपिलाचा हक्कही काढून घेणं.

तिसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यात गंभीर, म्हणून तिच्यावर थोडं थांबते. ‘स्वरूप स्पष्ट नाही’ या तीन शब्दांत काहीही बसतं. अहमदाबादमधल्या रस्त्यांवरच्या सभांचा एक नियम १९७२ साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे आला होता, हिंमतलाल शहा यांच्या प्रकरणात. परवानगी देताना किंवा नाकारताना अधिकाऱ्याने कशाचा विचार करायचा, हे त्या नियमात लिहिलेलंच नव्हतं. सभांचं नियमन करता येईल, पण इतका मोकळा अधिकार देता येणार नाही, म्हणून न्यायालयाने तो नियम रद्द ठरवला. जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितलं की जमावबंदीच्या आदेशात त्यामागची तथ्यं लिहिली पाहिजेत, आणि तेच आदेश पुन्हा पुन्हा काढत राहणं हा अधिकाराचा गैरवापर आहे. म्हणजे कारण द्या, ही माझी हट्टाची मागणी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने २०२० साली शांततामय जमावाच्या हक्कावर सविस्तर भाष्य केलं, त्यात तर आणखी पुढे जाऊन म्हटलं आहे की आगाऊ सूचना देण्याची पद्धत ही परवानगी मागण्याची पद्धत बनू नये. जर्मनीची राज्यघटना सुरुवातच तिथून करते. लोकांना शांततेने, शस्त्रांविना, परवानगीशिवाय जमण्याचा हक्क आहे. उघड्यावरच्या सभेची आगाऊ सूचना द्यावी लागते, पण अचानक घडलेल्या प्रसंगावर लोक उत्स्फूर्तपणे जमले तर सूचना दिली नव्हती एवढ्याच कारणावरून त्यांना पांगवता येणार नाही, हे तिथल्या घटना न्यायालयाने १९८५ सालीच सांगून ठेवलं आहे.

‘अडथळा’, ‘गैरसोय’, ‘शांतता भंग होण्याची शक्यता’ हे शब्द आपल्या प्रत्येक आदेशात असतात. आमच्या कार्यशाळेत मी मुलांना सांगते, अडथळा म्हणजे काय ते शरीराने दाखवा. कुणी वाट अडवून उभं राहतं, कुणी बसतं, कुणी नुसतं हळू चालतं. मग चाकाच्या खुर्चीवरची आमची एक मैत्रीण तिथून जाऊन दाखवते, आणि कळतं की तिच्यासाठी पदपथावर कायम उभी केलेली दुचाकी हाच खरा अडथळा आहे. ती दुचाकी कोणत्याही आदेशात नसते.

नावांच्या यादीबद्दल वर लिहिलं आहेच. फक्त एवढं जोडते की पुढच्या तासाला सतरापैकी सहा मुलं आली नाहीत.

जागेबद्दलही बोलायला हवं. आम्हाला पर्याय म्हणून शहराबाहेरचं एक कुंपण घातलेलं मैदान सुचवण्यात आलं. तिथे येणारा-जाणारा कुणी नाही. ज्याला ऐकवायचं त्याच्या डोळ्यांसमोर आणि कानाच्या टप्प्यात जमता आलं पाहिजे, असं मी वर सांगितलेल्या समितीचंही म्हणणं आहे. नेमून दिलेल्या जागा मुळात वाईट असतात असं मी म्हणत नाही. लंडनच्या हाइड पार्कात १८६६ साली मताधिकारासाठीची सभा अडवायला फाटकं बंद केली गेली, लोकांनी कुंपणाच्या सळया उखडल्या, आणि अखेर १८७२ च्या कायद्याने उद्यानात बोलण्याची सोय झाली. पण ते उद्यान शहराच्या मध्यात आहे, आणि तिथे बोलायला जागा मिळाली म्हणून बाकीच्या शहरात गप्प बसा, असं त्याचं मूळ नव्हतं.

न्यूयॉर्कचं झुकोटी पार्क मला इथे आठवतं. ते लोकांसाठी खुलं असलं तरी मालकी खाजगी. बिल्डरला जादा मजले बांधू द्यायचे आणि बदल्यात लोकांसाठी जागा सोडून घ्यायची, या व्यवहारातून ते १९६८ साली झालं. २०११ च्या सप्टेंबरात लोक तिथे जमले, पण परवानगीशिवाय ध्वनिवर्धक वापरता येत नव्हता. मग बोलणारा एक छोटं वाक्य बोले, भोवतालचे लोक ते एकसुरात पुन्हा म्हणत, आणि मागच्यांपर्यंत पोचवत. आम्ही हा प्रयोग दर वर्षी करतो. बोलणाऱ्याला वाक्य लहान करावं लागतं, आणि ऐकणाऱ्याला न पटणारं वाक्यही स्वतःच्या तोंडून म्हणावं लागतं. भांडकुदळ मुलांवर याचा फार चांगला परिणाम होतो. आपल्याकडेही अशा अर्ध्या सार्वजनिक, अर्ध्या खाजगी जागा आता खूप झाल्या आहेत. तिथे कुणाचे नियम चालतात हे कुठेही लिहिलेलं नसतं, पहारेकरी सांगेल तो नियम.

आपली बाजू मला दिसत नाही असं समजू नका. चौथ्या तासाला आम्ही सुनावणीचा खेळ खेळतो. एक जण परवानगी देणारा अधिकारी, एक आयोजक, एक शेजारचा दुकानदार, एक रुग्णवाहिकेचा चालक, एक बाळंतिणीला घेऊन निघालेला नातेवाईक. मधेच भूमिका बदलायच्या. दोन वर्षांपूर्वी एक मुलगा आयोजक म्हणून तावातावाने भांडत होता, रस्ता आमचाच आहे म्हणून. मग त्याला रुग्णवाहिका चालवायला दिली. त्याने खडूच्या नकाशावर तीनदा वाट काढायचा प्रयत्न केला, तिन्ही वेळा अडकला, आणि काही न बोलता स्वतःचंच व्यासपीठ पुसून दुसऱ्या कडेला आखलं. त्याला हे मी शंभर व्याख्यानं देऊन शिकवू शकले नसते. ज्या कार्यशाळेला आपण परवानगी नाकारली, तिच्यात हे घडतं.

मागण्या साध्या आहेत.

१. आमच्या अर्जावरचा नकार मागे घ्यावा. तो कायम ठेवायचा असेल तर कारणं लेखी द्यावीत, आणि दाद कुणाकडे मागायची तेही लिहावं.

२. फाटकाशी लिहून घेतलेली नऊ नावं नष्ट करावीत आणि तसं आम्हाला लेखी कळवावं. आपलं ते पत्र मी यादीबद्दल विचारणाऱ्या त्या मुलीच्या आईला दाखवणार आहे.

३. प्रत्येक चौकात आणि मैदानात नियमांचा फलक वाचता येईल असा लावावा. जागा कुणाच्या मालकीची, सूचना कुठे द्यायची, किती दिवस आधी, उत्तर किती दिवसांत मिळेल, ध्वनिक्षेपक केव्हा चालतो, हे त्यावर रोजच्या भाषेत असावं. कलमांचे नुसते आकडे नकोत.

४. सूचना एकाच ठिकाणी स्वीकारावी आणि बाकीच्या खात्यांना कळवण्याचं काम त्या कार्यालयाने करावं. ठरलेल्या मुदतीत उत्तर आलं नाही तर हरकत नाही असं धरावं.

५. रस्ता न अडवता, ध्वनिक्षेपक न लावता एखाद्या जागेचे नियम वाचायला, मोजायला, समजून घ्यायला येणाऱ्या लहान गटाला कोणतीही परवानगी लागू नये.

६. पांगण्याचा आदेश देण्यापूर्वी कोणती वाट मोकळी आहे हे मोठ्याने सांगणं बंधनकारक करावं. यावर मी कोणतीही तडजोड मान्य करणार नाही.

७. वर्षातून एकदा तरी आपल्या बंदोबस्तावरच्या कर्मचाऱ्यांनी आमच्यासारख्या गटांबरोबर सुनावणीचा खेळ खेळावा. वर्दी घालून यायची गरज नाही.

नवा अर्ज मी या पत्रासोबत देते आहे. तेच मैदान, सकाळी सात ते नऊ, अठरा जण. टिपण या वेळी एका पानाचं केलं आहे. खडूच्या खुणा साडेनऊच्या आत धुतलेल्या असतील. पहिल्या तासाला फाटकांची रुंदी मोजायची आहे, आणि ५० मीटरची मोजपट्टी धरायला दोन टोकांना दोन माणसं लागतात. एका टोकाला आमच्यातलं कुणी असेल. दुसरं टोक धरायला आपल्यापैकी कुणी यावं, अशी विनंती आहे.

आपली,
‘चौकाचा तास’ घेणारी एक शिक्षिका